सिंथेटिकचे भय

आमच्या देवघराच्या कोपऱ्यात निर्माल्याचा एक जुना कलश आहे. कालची फुले देवाला पुन्हा वाहता येत नाहीत आणि देवाला स्पर्शून आलेली म्हणून रस्त्यावर टाकवतही नाहीत. मग ती त्या कलशात साठत राहतात. मंडळींचे किस्सेही असेच साठतात. घडतात त्या दिवशी त्यांना कोणी किस्सा म्हणत नाही. त्या दिवशी ते भय असते. भय सुकले की त्याचा किस्सा होतो, आणि मग आपण तो चहाबरोबर चघळत बसतो!

आज कलशातून हाताला आलेली फुले इंजिन ऑइलची आहेत. हसू नका. ज्या काळात ती उमलली, त्या काळात आमच्यापैकी कोणीही हसत नव्हते.

भोपाळच्या पिपलानीत, कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आम्हा मराठी मंडळींचे गुरुवारचे भजन असे. मंडळात टाळकरी कमी आणि इंजिनिअर फार. अभंगाचे ध्रुवपद संपायच्या आत कोणीतरी पखवाजाच्या वादीचे टेन्शन किती असावे याची चर्चा काढायचा. मी टाइम ऑफिसातला, म्हणजे हजेरीचा कारकून, त्यामुळे माझ्याकडे निरूपण. सगळे मला अण्णा म्हणत.

मंडळात नाना गंधे होते. विदर्भातले, वृत्तीने सात्त्विक, आणि कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या तेलाची तपासणी करणारे. पत्नी लवकर गेली. मागे एकुलती एक मुलगी, अश्विनी. ती जनावरांची डॉक्टर झाली आणि सरकारने तिला औबेदुल्लागंजच्या पुढे, सागाच्या जंगलापलीकडच्या एका गावच्या दवाखान्यात नेमले. रोज सकाळी नानांची जुनी डिझेल गाडी घेऊन ती एकटी जायची आणि दिवेलागणीला परतायची. त्या रस्त्यावर घाट होता, मोबाइलला रेंज नव्हती, आणि वाघाचे ठसे अधूनमधून दिसत.

भयाला नामाने जिंकावे, असे आपले संत सांगून गेले. नाना नाम घेत, परंतु डोळे फाटकाकडे ठेवून!

* * *

दिवाळी तोंडावर आली होती. भोपाळात दिवाळीआधी वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेलीच असते: सिंथेटिक मावा पकडला, सिंथेटिक दूध पकडले. त्यामुळे आमच्या वसाहतीत ‘सिंथेटिक’ या शब्दाला एकच अर्थ उरला होता. पोटात गेले की माणूस गेला!

अशा दिवसांत अश्विनी घरी येऊन सहज म्हणाली, “बाबा, गाडीचं सर्व्हिसिंग झालं. या वेळी गोखलेकाकांनी सांगितलं म्हणून सिंथेटिक ऑइल घातलंय.”

नानांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

“अशू, लोक ते दुधात घालतात तेव्हा पोलीस धरून नेतात. आणि तू आपल्या हातानं इंजिनात घालून आलीस?”

“बाबा, हे ते नव्हे हो!”

“सिंथेटिक ते सिंथेटिक. नकली ते नकली. घाटात इंजिन जाम झालं, तर तुझे गोखलेकाका धावून येणार आहेत का?”

गोखले आमचे पेटीवादक, कारखान्यात टर्बाइनच्या विभागात इंजिनिअर. नाना त्याच पावली त्यांच्या दारात उभे राहिले. गोखले समजावू लागले, तर नानांनी हात जोडले.

“ते ज्ञान राहू द्या. माझी पोर त्या रस्त्यानं जाते. तिला काही झालं, तर या जन्मी तुमच्या घरचं पाणी पिणार नाही!”

मालतीवहिनी, म्हणजे सौभाग्यवती गोखले, नेमक्या त्याच वेळी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “मग आज तरी पिऊन घ्या, नाना. अजून ती सुखरूप आहे!”

* * *

त्यानंतरच्या गुरुवारी भजन बाजूला राहिले आणि गोखल्यांनी सिंथेटिकचे कीर्तनच उभे केले. पूर्वरंग, उत्तररंग, सगळे यथासांग.

“मंडळी, साधं ऑइल म्हणजे जमिनीतून निघालेलं, गाळून शुद्ध केलेलं खनिज तेल. त्यात लहान-मोठे सगळ्या आकारांचे कण असतात. इंजिन तापलं की लहान कण उडून जातात, मोठ्यांचा चिकटा होतो. सिंथेटिक मात्र कारखान्यात घडवलेलं. प्रत्येक कण सारखा. थंडीत लवकर वाहतं, उन्हात पातळ होत नाही, आणि बदलावंही उशिरा लागतं.”

“म्हणजे कसं?” मी विचारले.

“अण्णा, म्हणजे असं. साधं ऑइल म्हणजे आपलं मंडळ. कोणी वर, कोणी खाली, कोणी ताल सोडून. सिंथेटिक म्हणजे सगळे एका सुरात!”

वहिनींनी टाळ खाली ठेवले. “तरी देव आपल्याच मंडळावर भागवतो की हो इतकी वर्षं!”

सगळे हसले. नाना हसले नाहीत. त्यांनी हळूच मला विचारले, “अण्णा, जे भूमीतून येतं ते देवाचं. जे माणसानं घडवलं, ते संकटात साथ देतं का?”

निरूपणात मी अनेक प्रश्नांची उत्तरे दिली आहेत. त्या प्रश्नाला मी टाळ उचलून वाजवायला लागलो.

* * *

नानांचे आयुष्य तेल पाहण्यात गेले होते. ट्रान्सफॉर्मरचे तेल कसे, तर काचेच्या भांड्यापलीकडचे अक्षर वाचता यावे असे नितळ. ते काळवंडले म्हणजे आत काहीतरी जळते आहे, धोका जवळ आहे. हा धडा त्यांच्या रक्तात भिनलेला.

नवे तेल घातल्याला काही दिवस झाल्यावर एका रविवारी नानांनी बॉनेट उघडून डिपस्टिक बाहेर काढली. पाहतात तर तेल काळेभोर! त्यांची किंकाळी तीन क्वार्टर पलीकडे ऐकू गेली. आम्ही धावत गेलो. नाना ती सळई छातीशी धरून उभे. पांढऱ्या सदऱ्यावर काळा डाग.

“गेलं! तेल गेलं! याच गाडीतून काल माझी मुलगी घाट उतरून आली!”

गोखल्यांनी त्यांना खुर्चीवर बसवले. “नाना, अहो, हे ट्रान्सफॉर्मरचं तेल नव्हे. डिझेल इंजिनात काजळी होतेच. चांगलं ऑइल ती धरून ठेवतं, इंजिनाला लागू देत नाही. काळं होणं हे त्याचं कामच आहे. साधं असो की सिंथेटिक.”

“दुसऱ्याचं मालिन्य स्वतःकडे घेतं?” मी म्हटले. “मग हे तर संतलक्षण झालं!”

नानांनी सदऱ्यावरच्या डागाकडे पाहिले. “संत आहे की भोंदू, ते घाटात कळेल, अण्णा.”

* * *

नानांनी मग स्वतःची परीक्षा मांडली. शेजारच्या बरखेड्यात शफीकभाईंचे गॅरेज होते. त्यांच्याकडून त्यांनी एका वाटीत साधे आणि एका वाटीत सिंथेटिक, अशी दोन्ही कोरी तेले आणली. रात्रभर वाट्या फ्रीजरमध्ये ठेवल्या. सकाळी वाट्या कलत्या करून पाहिल्या. साधे तेल मधासारखे आळसावलेले, सिंथेटिक झुळझुळ वाहणारे! गोखल्यांचे म्हणणे खरे ठरले. नानांना मात्र त्याने आणखीच धास्ती वाटली. “एवढं चंचल तेल इंजिनात टिकेल कसं?” असे म्हणत त्यांनी वाट्या ओट्यावर ठेवल्या आणि ते कामावर गेले.

त्या दिवशी गुरुवार होता आणि भजन नानांकडेच होते. आरतीची तयारी मालतीवहिनींनी केली. ओट्यावर सोन्यासारखे पिवळे, स्वच्छ तेल दिसले. त्यांना ते तिळाचे वाटले. त्यांनी ते समईत ओतले.

आरती सुरू झाली. वात तडतडली, काळ्या धुराचा लोट निघाला, आणि भर आरतीत समई विझली.

मित्रहो, आरतीत समई विझणे म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. घंटा थांबली. नानांचा चेहरा पांढराफटक पडला, कारण त्या वेळी अश्विनी घाटात होती. ते ताम्हन तसेच ठेवून फाटकाबाहेर धावले. आम्ही मागे. 

ती आली. रोजच्याच वेळी आली. नानांनी तिला उंबऱ्याबाहेर थांबवले, तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातले. पोरीला काही उमगेना. “बाबा, झालं तरी काय?”

गोखल्यांनी तेवढ्यात समईतले तेल बोटावर घेऊन पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला.

“नाना, पाहिलंत? हे सिंथेटिक समईतसुद्धा पेटता पेटत नाही. उष्णता सोसण्याची ताकद पाहा याची!”

वहिनी कडाडल्या, “अहो, देवाच्या नाकात धूर गेलाय, आणि तुम्ही जाहिरात कसली करता!”

* * *

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये कोणीतरी नानांच्या कानात नवे भय सोडले. जुन्या गाडीला एकदम सिंथेटिक दिले की ते आतला सगळा मळ धुऊन काढते. मळ गेला की मळामुळे तगलेली सीले उघडी पडतात आणि तेल गळू लागते. हे कधीकधी घडतही असेल. नानांना ‘कधीकधी’ एवढा शब्द पुरेसा होता.

रोज पहाटे स्नान करून, सोवळ्यानेच, नाना गाडीखाली पुठ्ठा सरकवीत आणि पूजा आटोपून तो बाहेर काढून पाहत. पुठ्ठा कोरडा निघाला की अश्विनीला जायची परवानगी.

एके दिवशी पुठ्ठा ओला निघाला.

मी फुले तोडत होतो. नानांनी मला खुणेनेच बोलावले. पुठ्ठ्यावर पिवळसर, ओलसर, मोठा डाग. नाना गुडघ्यांवर बसले. आयुष्यभराच्या सवयीने त्यांनी डागाला बोट लावले, अंगठ्याशी चोळून पाहिले, मग नाकाशी नेले. आडनावच गंधे!

 मी परडी खाली ठेवून वाकलो.

“काय आहे, नाना? ऑइल?”

गाडीपलीकडून आमच्या लाइनमधला भुरा कुत्रा अंग ताणत बाहेर आला, आमच्याकडे पाहून त्याने शेपूट हलवली आणि पुढच्या चाकाशी जाऊन पुन्हा एकदा पाय वर केला.

दारात उभ्या असलेल्या अश्विनीला हसू आवरेना. “बाबा, निश्चिंत राहा. हे सिंथेटिक नाही. अगदी शुद्ध, नैसर्गिक आहे!”

नानांनी दुसरे स्नान केले. तरीही जाताना ते तिला म्हणालेच, “घाटात जळका वास आला, तर थांबू नको. तशीच चालवत ये.”

* * *

शेवटी नाना माझ्याकडे आले. म्हणाले, “अण्णा, तुमच्या देवघरातला अंगारा द्या. माणसाला लावतात, तर इंजिनाला का लावू नये?”

मला नाही म्हणवले नाही. मी स्वतः जाऊन, मंत्र म्हणून, बॉनेटखाली तेल ओतायच्या झाकणाला चिमूटभर अंगारा लावला. हात थोडा सैल सुटला असावा, आजूबाजूलाही सांडला.

दोन दिवसांनी नाना गाडी घेऊन शफीकभाईंकडे गेले, मीही बरोबर होतो. शफीकभाईंनी बॉनेट उघडले आणि ते एक पाऊल मागे सरकले.

“अमाँ अंकल, ये राख काँ से आई? अंदर कुछ जल गया क्या?”

नानांनी फक्त ‘जल गया’ एवढेच ऐकले. त्यांनी भिंतीचा आधार घेतला. शफीकभाई घाबरून वायरी हुंगू लागले, त्यांचा भाऊ पाण्याची बादली घेऊन धावला. त्या गोंधळात माझा आवाज कोणालाच ऐकू जाईना.

“शफीकभाई! शफीकभाई! हमने लगाई है! भगवान की राख है!”

शफीकभाई बाकावर मटकन बसले, कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाले, “तो बोल के लगाया करो खाँ! इंजन तो बच गया, मेरा दिल बैठ गया!”

* * *

आता पौषातला तो गुरुवार.

आरती झाली, प्रसाद वाटून झाला, आणि अश्विनी आली नव्हती. नानांनी फोन लावला. पलीकडून त्या बाईचा गोड आवाज आला की, आपण ज्या नंबरवर संपर्क करू इच्छिता, तो ‘पहुँच से बाहर’ आहे. नानांनी फोन कानापासून दूर धरला आणि आम्हाला विचारले, “पहुँच से बाहर म्हणजे काय हो? कोणाच्या पोहोचेबाहेर?”

 गोखल्यांनी आपल्या गाडीची किल्ली घेतली. वहिनी देवापुढे बसून राहिल्या. नाना, गोखले आणि मी निघालो.

औबेदुल्लागंज मागे पडले. जंगल सुरू झाले. दोन्ही बाजूंना उंच साग, मध्ये रस्त्याची पट्टी. मागच्या सीटवर माझा जप चालला होता, पण मणी कोणता आणि नाम कोणते, याचा मेळ राहिला नव्हता. घाटाला लागल्यावर गोखले रस्त्यापेक्षा समोरच्या तापमानाच्या काट्याकडेच अधिक पाहत होते.

“गोखले, पाय द्या जरा!”

“देतोय, नाना, देतोय.”

“द्या हो! मुंगीसारखी काय नेताय?”

 पुढे एका वळणावर दोन दिवे दिसले. हलत नव्हते.

नानांचीच गाडी. रस्त्याच्या कडेला तिरकी उतरवलेली, दिव्यांचे तोंड शेताकडे. इंजिन सुरू. दार सताड उघडे. आत कोणी नव्हते.

गोखल्यांनी आपली गाडी मागे बंद केली. नाना उतरले.  त्यांनी रिकाम्या सीटवर हात ठेवला. मी सगळा जीव एकवटून ओरडलो, “अश्विनी!”

“बाबा? इंजिन बंद करू नका! कोणीही इंजिन बंद करू नका!”

दिव्यांच्या उजेडात, बांधापलीकडे, चार-पाच गावकरी लाठ्या घेऊन वर्तुळात उभे होते. मध्ये एक म्हैस आडवी पडलेली. तिच्या मानेवर मोठी जखम. गुडघ्यांवर बसलेली अश्विनी कोपरांपर्यंत रक्ताने माखून टाके घालत होती.

“वाघानं धरली होती,” ती मान वर न करता म्हणाली. “लोकांनी आरडाओरडा केला म्हणून सोडली. पण लांब गेलेला नाही.”

एक म्हातारा काठी टेकवून नानांना म्हणाला, “जब तलक उजियारो है, साहब, तब तलक नईं आएगो।”

गाडीची बॅटरी जुनी होती. इंजिन थांबले की दिवे मंदावणार, हे नानांइतके कोणाला ठाऊक असणार!  त्यांनी तेलाचा शब्द काढला नाही. ते त्या रिकाम्या सीटवर जाऊन बसले आणि अ‍ॅक्सिलरेटरवर पाय अलगद ठेवून त्यांनी इंजिन जागे ठेवले. हाताचा धक्का लागून वायपर सुरू झाले. कोरड्या काचेवर ते करकरत फिरत राहिले. बंद करण्याचे भान कोणालाच नव्हते.

शेतापलीकडच्या अंधारात, वाघाची चाहूल देत, एक वानर खोकले. मग दुसरे. गावकरी एकमेकांच्या जवळ सरकले. म्हशीने मान उचलायचा प्रयत्न केला.

“अजून बरेच टाके आहेत,” अश्विनी म्हणाली. “गोखलेकाका, माझी गाडी सूर्य बुडाल्यापासून अशी उभ्या-उभ्या चालते आहे. तुमची आणून लावता का शेजारी? हिला जरा विसावा देऊ.”

सगळ्यांनी गोखल्यांकडे पाहिले. गोखल्यांनी मुठीतली किल्ली घट्ट आवळली.

“नको गं. तुझीच चालू दे.”

“का हो, काका?”

बांधाजवळचे गवत हलले. गोखल्यांनी एकदा गवताकडे पाहिले, एकदा सीटवर बसलेल्या नानांकडे पाहिले, आणि गाभाऱ्यात बोलावे तशा आवाजात म्हणाले,

“अगं, माझ्या गाडीत साधंच तेल आहे!”